सिकलसेल आणि बालकांचा खुबा : पालक व शिक्षकांसाठी एक अभ्यासपाठ

निवासी शाळेची सकाळ सर्वत्र सारखीच उजाडते. घंटा होते, मुले आंघोळी उरकून सभागृहात येतात, सतरंजीवर रांगा धरून मांडी घालून बसतात आणि वंदनेस आरंभ होतो. अशा रांगेत कधी एखादा मुलगा नेमका टोकाला जागा धरतो. त्याचा एक पाय मांडीत दुमडलेला असतो, दुसरा पुढे पसरलेला. शिक्षक दुरून खूण करतात, "नीट बस." तो पाय ओढून घेतो, थोडा वेळ सोसतो आणि पुन्हा हळूच पाय पसरतो. कवायतीच्या वेळी तोच मागे रेंगाळतो. विचारले तर गुडघा दुखतो म्हणतो. गुडघा पाहावा तर त्यावर ना सूज, ना जखम. दोन-चार वेळा असे झाले की त्याच्या नावापुढे ‘कामचुकार’ हा शब्द कायमचा चिकटतो.

या मुलाला सिकलसेल असेल, तर त्याचे दुखणे बहुधा गुडघ्यात नसून खुब्यात आहे आणि त्याच्या मांडीच्या हाडाचा माथा आतून मरत असण्याची शक्यता आहे. ही गोष्ट वेळेवर ओळखली गेली तर त्याचा सांधा पुष्कळ अंशी वाचवता येतो. दोन-तीन वर्षांनी ओळखली गेली तर आयुष्यभराचे लंगडणे त्याच्या वाट्याला येऊ शकते. प्रस्तुत पाठाचा विषय एवढाच आहे. तो डॉक्टरांसाठी लिहिलेला नाही. मुलाला रोज चालताना, बसताना, खेळताना जे पाहतात, त्या आई-वडिलांसाठी, शिक्षकांसाठी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांसाठी तो आहे.

१. हा विषय आपला का?

सिकलसेल म्हटले की विदर्भ किंवा सातपुडा डोळ्यांपुढे येतो. ते स्वाभाविक आहे. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये झाली. पुढे १९५८ साली शुक्ला व सोलंकी या नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीचे आपले निरीक्षण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. नंतरच्या दशकांत पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी राज्याच्या आदिवासी भागांत फिरून हजारो लोकांचे रक्त तपासले. त्यांच्या कार्याचा २०१९ साली पद्मश्रीने गौरव झाला. नागपुरात संपत रामटेके यांनी रुग्णांची व पालकांची संघटना उभी करून हा प्रश्न शासनाच्या दारापर्यंत नेला. त्यांनाही २०१८ साली पद्मश्री मिळाली.

या सर्वांच्या कामातून एक चित्र स्पष्ट झाले. नंदुरबारच्या भिल्ल व पावरा, गडचिरोलीच्या माडिया व गोंड या जमातींत, तसेच पूर्व विदर्भातील बौद्ध, कुणबी, तेली अशा समाजांत या जनुकाचे प्रमाण मोठे आहे. ठाणे, पालघर, रायगड या पट्ट्यातील काही आदिवासी जमातींतही ते आढळते, मात्र सामान्यतः कमी प्रमाणात.

आता डोलवीचा विचार करू. धरमतर खाडीच्या काठी पोलादाचा कारखाना उभा राहिला, मुंबई-गोवा महामार्गालगत वस्ती वाढली, आणि कामाच्या शोधात विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा येथील कुटुंबे पेण व रोहा तालुक्यांत येऊन राहिली. माणूस स्थलांतर करतो तेव्हा त्याचे रक्तही त्याच्याबरोबर येते. निवासी शाळेत तर जिल्ह्याजिल्ह्यांची मुले एका छताखाली राहतात. शिवाय एक धोका असा की जेथे आजार विरळ, तेथे तो चटकन कोणाच्या मनात येत नाही. नागपूरच्या डॉक्टरांना लंगडणाऱ्या मुलाकडे पाहताच सिकलसेल आठवेल. कोकणात तो आठवेलच असे नाही; म्हणून येथे पालकांनी व शिक्षकांनी तो आठवण करून देणे अधिक अगत्याचे ठरते.

२. आजाराचे मूळ

आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. प्राणवायू वाहून नेणे हे त्याचे काम. या प्रथिनाच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एका ठरावीक क्रमाने गुंफलेली असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन तयार होते. एवढ्या एका बदलामुळे प्राणवायू कमी पडताच हे हिमोग्लोबिन लांब काड्यांसारखे एकमेकांस चिकटते आणि एरवी मऊ, गोल असणारी पेशी ताठर होऊन विळ्याच्या आकाराची बनते. ‘सिकल’ म्हणजे विळा.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी अवघे १० ते २० दिवस. त्यामुळे रक्त सतत कमी पडते आणि डोळे पिवळसर दिसतात. याहून गंभीर परिणाम म्हणजे या ताठर, चिकट पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. जेथे अडकतात तेथील भागास रक्त मिळत नाही आणि तेथे असह्य वेदना सुरू होतात. यालाच वेदनांचा झटका म्हणतात. सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या बाळाच्या हातापायांची बोटे व पंजे दुखरे सुजणे हे पुष्कळदा या आजाराचे पहिले दर्शन असते.

हा आजार संसर्गाने होत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने तो लागत नाही. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मूल आजारी होते. एकाच पालकाकडून आले तर मूल ‘वाहक’ ठरते; वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. वाहकांना तीव्र मलेरियापासून काही संरक्षण मिळते, आणि म्हणूनच मलेरियाग्रस्त अरण्यप्रदेशांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले. तेव्हा यात करणी नाही, कोणाचे पाप नाही आणि आईचा तर मुळीच दोष नाही. प्रत्येक गोष्टीस कारण असते हे आपण वर्गात शिकवतो. या आजाराचे कारण तर रेणूच्या पातळीपर्यंत माहीत झालेले आहे.

३. खुब्यावरच घाला का पडतो?

खुबा हा उखळीचा सांधा. कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा बसलेला असतो. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. एवढा भार वाहणाऱ्या या माथ्याचा रक्तपुरवठा मात्र फार तोकडा आहे. तो होतो हाडाच्या मानेला लगटून वर जाणाऱ्या काही बारीक रक्तवाहिन्यांतून. वाढत्या वयाच्या मुलांत माथा व मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते. ती खालून हाडाच्या आतून येणाऱ्या रक्ताची वाट अडवते. त्यामुळे माथा जवळजवळ सर्वस्वी त्या बाहेरच्या वाहिन्यांवर विसंबून राहतो.

आपल्याकडच्या भातशेतीचे उदाहरण घ्यावे. पाटाच्या टोकाला असलेल्या खाचरास दुसरीकडून पाणी नसते. पाटात वर कोठे गवत-गाळ अडकला तर मधल्या खाचरांचे कसेबसे भागते, टोकाचे खाचर मात्र करपते. मांडीच्या हाडाचा माथा हे टोकाचे खाचर आहे आणि विळ्याच्या पेशी हा पाटात अडकलेला गाळ आहे. भरीस भर म्हणजे हाडाची पोकळी कठीण कवचाने बंदिस्त असते. आतील मज्जा सुजली तर तिला पसरायला जागा नसते. आतील दाब वाढतो आणि उरल्यासुरल्या वाहिन्याही दाबल्या जातात.

रक्त न मिळाल्याने हाडाचा तो भाग मरतो. यास वैद्यकात अव्हॅस्क्युलर नेक्रॉसिस, संक्षेपाने एव्हीएन, म्हणतात. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. हाड मरताक्षणी कोसळत नाही. त्याचा आकार काही काळ जसाच्या तसा राहतो. पुढे शरीर दुरुस्तीस लागते, मेलेले हाड आधी पोखरून काढते आणि मग तेथे नवे घालू लागते. या मधल्या काळात माथा वाळवी लागलेल्या तुळईसारखा असतो. बाहेरून शाबूत, आतून पोकळ. अशा वेळी त्यावर धावण्याचा, उड्यांचा, ओझ्याचा भार पडत राहिला तर कूर्चेखालचे हाड तडकते, गोल माथा चपटा होतो, आणि वाटीत चपटा गोळा फिरू लागला की सांधा झिजणे क्रमप्राप्तच असते.

मात्र मुलांच्या बाबतीत निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. वाढ चालू असेपर्यंत माथ्यात स्वतःस पुन्हा आकार देण्याची क्षमता असते. तो या काळात वाटीत नीट बसलेला राहिला आणि त्यावरचा भार हलका ठेवला, तर तो पुष्कळ प्रमाणात सावरू शकतो. वाढ थांबल्यानंतर ही संधी उरत नाही. शालेय वयातील निदानाचे मोल यातच आहे.

४. हा प्रकार किती जणांत होतो?

अमेरिकेतील विविध रुग्णालयांनी मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांवरील २,५९० सिकलसेल रुग्ण त्यात होते आणि सुमारे १० टक्के रुग्णांत मांडीच्या हाडाच्या माथ्याचा हा विकार आढळला. वय वाढते तसे प्रमाण वाढते. ज्यांना सिकलसेलसोबत अल्फा थॅलसेमियाचेही जनुक असते त्यांच्यात धोका अधिक दिसला.

हा शेवटचा मुद्दा भारतीयांसाठी विशेष अर्थपूर्ण आहे. आपल्याकडील रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने जास्त राहते आणि अल्फा थॅलसेमियाही पुष्कळांत आढळतो. त्यामुळे अनेकांत रक्तक्षय सौम्य असतो आणि ‘आपला सिकलसेल सौम्य’ अशी समजूत रूढ झाली आहे. परंतु रक्त अधिक म्हणजे ते अधिक दाटही, आणि दाट रक्त खुब्याच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकण्यास अनुकूल. मूल फिकट दिसत नाही, वारंवार रुग्णालयात जावे लागत नाही, एवढ्यावरून त्याचा खुबा सुरक्षित आहे असे मानू नये.

५. लक्षणे : काय पाहावे?

खुब्याचे दुखणे जांघेत जाणवते, पण ते मांडीच्या पुढील भागात किंवा गुडघ्यातही जाणवते. खुबा व गुडघा यांना संवेदना पुरवणाऱ्या काही चेता सामाईक आहेत, म्हणून लहान मूल प्रामाणिकपणे गुडघ्यावर हात ठेवते. गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते, ते निर्दोष येते आणि सर्व जण निश्चिंत होतात. या पाठातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे : सिकलसेल असलेले मूल गुडघा दुखतो म्हणाले, तर त्याचा खुबा तपासून घ्यावा.

वेदनांचा नेहमीचा झटका काही दिवसांत ओसरतो. खुब्याचे दुखणे ओसरत नाही. ते चालल्यावर, जिना चढल्यावर, खेळल्यावर वाढते आणि विश्रांतीने थोडे कमी होते. हाड खचू लागले की रात्रीही ठणकते. घरी किंवा वसतिगृहात पुढील गोष्टी सहज पाहता येतात :

– मूल मांडी घालून बसते तेव्हा दोन्ही गुडघे जमिनीकडे सारखेच झुकतात का? एक गुडघा वर राहत असेल तर त्या बाजूचा खुबा अडतो आहे.
– उकिडवे बसताना, शौचास बसताना किंवा उठताना ते कशाचा आधार घेते का?
– चालताना दुखऱ्या पायावर कमी वेळ टेकून घाईने दुसरे पाऊल टाकते का? सायंकाळी लंगडणे वाढते का?
– एका पायावर उभे राहिल्यास कमरेची दुसरी बाजू खाली झुकते का?
– उताणे निजवून गुडघे वाकवले आणि पावले हलकेच बाहेरच्या बाजूस नेली, तर दोन्ही पाय सारखे फिरतात का?

शेवटची पाहणी हळुवारपणे करावी आणि मूल दुखते म्हणताच थांबावे. या पाहणीने निदान होत नाही. डॉक्टरांकडे नेण्याची गरज आहे की नाही, एवढेच कळते. दोन आठवडे टिकलेले लंगडणे हे तसे नेण्यास पुरेसे कारण आहे. आणखी एक सावधगिरी. एका बाजूचा विकार सापडला की दुसरी बाजूही तपासावी, कारण तो पुष्कळदा दोन्हीकडे असतो.

६. ताप असेल तर तो वेगळा प्रसंग

लंगडणाऱ्या प्रत्येक मुलास एव्हीएनच असते असे नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलांत सिकलसेल नसतानाही पर्थेस नावाचा जवळजवळ असाच विकार होतो. सर्दी-तापानंतर खुबा तात्पुरता दुखतो व बरा होतो. किशोरवयात हाडाचा माथा मानेवरून घसरण्याचा प्रकार होतो. खुब्याचा क्षयही आपल्या देशात विसरून चालत नाही.

परंतु सर्वांत तातडीचा प्रसंग म्हणजे हाडात किंवा सांध्यात पू होणे. सिकलसेल असलेल्या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, त्यामुळे जंतूंशी लढण्याची शक्ती कमी पडते. साल्मोनेला व स्टॅफिलोकोकस हे जंतू हाडात शिरून गळू करतात. अशा वेळी मुलाला ताप येतो, ते पाय टेकत नाही आणि खुबा जराही हलवू देत नाही. अशा मुलाला ‘उद्या पाहू’ म्हणून थांबवू नये. त्याच दिवशी, त्याच रात्री रुग्णालयात न्यावे. सांध्यातील पू काही दिवसांत कूर्चा नष्ट करतो आणि संसर्ग रक्तात पसरल्यास जिवावर बेतते.

७. निदान

प्रथम सिकलसेल आहे की नाही हे ठरवावे लागते. प्राथमिक तपासणी विद्राव्यता चाचणीने होते. ती सकारात्मक आली तरी मूल रुग्ण आहे की केवळ वाहक, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते. शिबिरात एकदा ‘पॉझिटिव्ह’ निघाले एवढ्यावर थांबलेली कुटुंबे पुष्कळ असतात. त्यांनी दुसरी चाचणी अवश्य करून घ्यावी. आपल्या भागातील रुग्णांनी पेण किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, तेथून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जावे. रक्तविकारांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातच आहे.

खुब्यासाठी पहिली तपासणी क्ष-किरणाची. समोरून काढलेल्या चित्राबरोबरच पाय बेडकासारखे फाकवून काढलेले चित्रही लागते, कारण माथ्याचा पुढचा भाग त्यातच दिसतो. पण सुरुवातीच्या काळात क्ष-किरण चित्र पूर्ण निर्दोष असू शकते. त्या वेळी आतील बिघाड दाखवते ती एमआरआय तपासणी. म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ या वाक्यावर समाधान न मानता, दुखणे चालूच असेल तर "एमआरआयची गरज आहे का?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे.

८. उपचार

मेलेले हाड पुन्हा जिवंत करणारे औषध आज उपलब्ध नाही. उपचाराचा हेतू असा, की दुरुस्तीच्या काळात माथा खचू नये, तो वाटीत राहावा आणि सांध्याची हालचाल टिकावी.

पहिला उपाय भार हलका करण्याचा. काही आठवडे ते काही महिने कुबड्या वापराव्या लागतात. तीव्र वेदनेत अंथरुणावर विश्रांती व काही वेळा पायास वजन लावून ताण द्यावा लागतो. कुबडी म्हणजे अपंगत्वाची खूण, असा समज करून पुष्कळ पालक ती नाकारतात. प्रत्यक्षात वेळेवर घेतलेली कुबडी पुढचे अपंगत्व टाळण्यास साहाय्य करते.

दुसरा उपाय व्यायामोपचाराचा. पाय बाहेर फाकवण्याची व आत वळवण्याची हालचाल टिकवणे, कमरेचे व मांडीचे स्नायू बळकट करणे हा त्याचा गाभा. शस्त्रक्रियेत हाडास छिद्र पाडून आतील दाब कमी करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान तुलनात्मक चाचणीत केवळ व्यायामोपचार घेतलेले रुग्ण आणि या शस्त्रक्रियेसह व्यायामोपचार घेतलेले रुग्ण यांच्यात सुमारे तीन वर्षांनी लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरत नाही. पण व्यायामास ‘नुसता व्यायाम’ म्हणून हिणवण्याचे कारण नाही, हे निश्चित. माथा वाटीबाहेर सरकत असेल तर हाडाची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया बालअस्थिरोगतज्ज्ञ सुचवतात. सांधेरोपण हा शेवटचा मार्ग असून तो शक्यतो वाढ पूर्ण झाल्यानंतरच वापरतात, कारण कृत्रिम सांधा झिजतो आणि तरुणपणी बसवलेला सांधा पुढे बदलावा लागतो. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलची माहिती असलीच पाहिजे. अनेकदा आधी रक्त द्यावे लागते आणि मुलाला उबदार व पाण्याने भरपूर असे ठेवावे लागते.

मूळ आजारावर हायड्रॉक्सियुरिया हे औषध वेदनांचे झटके कमी करते. भारतीय मुलांत कमी मात्राही गुणकारी ठरते, असे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसून आले. मात्र ते वेळोवेळी रक्त तपासून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. त्यासोबत फॉलिक आम्ल, न्यूमोनियाविरोधी लस व लहान मुलांसाठी पेनिसिलिन यांविषयी विचारावे.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. अंगदुखीवर रामबाण म्हणून मिळणाऱ्या अनामिक पुड्या व इंजेक्शने यांत स्टेरॉइड असू शकते, आणि स्टेरॉइड हे स्वतःच खुब्याच्या एव्हीएनचे एक प्रमुख कारण आहे. दुसरे म्हणजे वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेऊ नयेत. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. जोरदार मालीश किंवा हाड ‘बसवून’ घेण्याचे प्रयोग तर दुखऱ्या खुब्यावर कधीच करू नयेत.

९. शाळेत व वसतिगृहात

औषध डॉक्टर देतात, पण मुलाचे चोवीस तास शाळेच्या हाती असतात. त्या तासांत करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यास फारसा खर्चही नाही.

प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून सिकलसेलची माहिती घ्यावी. ती गुप्त ठेवावी. वर्गात जाहीर करू नये. खुबा दुखणाऱ्या मुलास वंदनेच्या वेळी खुर्ची किंवा बाक द्यावा. श्रद्धा आसनावर अवलंबून नसते. त्याच्यासाठी कमोडची किंवा कमोड-खुर्चीची सोय असावी. झोपण्याची जागा तळमजल्यावर व वर्ग शक्यतो जिन्याविना असावा. पाण्याच्या बादल्या, धान्याची पोती उचलण्याच्या कामातून त्यास मोकळीक द्यावी आणि त्याऐवजी बसून करण्याचे काम द्यावे, म्हणजे आपण निरुपयोगी आहोत असे त्यास वाटणार नाही. धावणे, उड्या, कबड्डी वर्ज्य. डॉक्टरांच्या संमतीने पोहणे उत्तम.

थंडी, तहान व अतिश्रम हे तिन्ही वेदनांच्या झटक्यास निमंत्रण देतात. पहाटेचे थंड पाणी अशा मुलास देऊ नये. त्याच्याजवळ पाण्याची बाटली सदैव असावी आणि तासाच्या मध्ये लघवीस जाण्याची मुभा असावी. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, म्हणून ही मुले वारंवार लघवीस जातात आणि पुष्कळदा मोठ्या वयापर्यंत अंथरूण ओले करतात. त्यासाठी त्यांना रागावणे किंवा संध्याकाळनंतर त्यांचे पाणी बंद करणे म्हणजे आजारास हातभार लावणे होय.

१०. हक्क आणि पुढची पिढी

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत सिकलसेलचा समावेश झाला. प्रमाणपत्र, परीक्षेत वाढीव वेळ, एस.टी. प्रवासातील सवलत यांविषयी पालकांनी शासकीय रुग्णालयात, शाळेत व आगारात चौकशी करावी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे.

निर्मूलनाची खरी किल्ली मात्र आपल्या घरांत आहे. पती व पत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. हा हिशेब प्रत्येक खेपेस नव्याने लागू होतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही. शाळेतून बाहेर पडलेले आपले बहुसंख्य माजी विद्यार्थी आज विवाहाच्या किंवा संसाराच्या उंबरठ्यावर आहेत. पत्रिका पाहण्याचे आपण सोडले. आता रक्ताची तपासणी पाहण्याची रीत पाडावी. वाहक असणे हा कलंक नाही आणि त्यापायी कोणाचे, विशेषतः मुलीचे, लग्न अडता कामा नये. दोन वाहकांनी एकमेकांशी विवाह करण्यापूर्वी समुपदेशन घ्यावे, इतकाच त्याचा अर्थ.

स्मरणात ठेवावे

– सिकलसेल असलेल्या मुलाचा गुडघा दुखतो, तेव्हा खुबा तपासावा.
– दोन आठवडे टिकलेले लंगडणे डॉक्टरांना दाखवावे. ताप व पाय न टेकणे असेल तर त्याच दिवशी.
– क्ष-किरण चित्र निर्दोष असले तरी खुबा निर्दोष असतोच असे नाही.
– वाढीच्या वयात भार हलका ठेवला तर माथा सावरू शकतो.
– अनामिक पुड्या, इंजेक्शने व मालीश टाळावे.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या घरात, नात्यात किंवा वर्गात ‘आळशी’ ठरलेले एखादे मूल आहे का, ज्याचे चालणे आपण कधी नीट पाहिलेलेच नाही?
२. आपली स्वतःची सिकलसेल तपासणी झाली आहे का? झाली असल्यास दुसरी, निश्चिती करणारी चाचणी झाली का?
३. कुबडी घेऊन आलेल्या मुलाचे स्वागत आपल्या शाळेत, वाडीत कसे होईल?

आरंभी वर्णिलेल्या मुलाकडे पुन्हा एकदा वळू. त्याच्या पसरलेल्या पायाकडे पाहून "नीट बस" म्हणणे सोपे आहे. वंदना संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन "बाळा, नेमके कुठे दुखते?" असे विचारण्यास दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे आपण दिली, तर तो मुलगा पुढे आपल्या पायांवर चालत या शाळेच्या स्नेहमेळाव्यास येईल.